नव्या कर्नलचा पायगुण

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे आपण मराठीत म्हणतो. गोकाककडची आमची माणसे तेच कन्नडात म्हणतात, 'कागी कूडूदक्कू टोंगी मुरियूदक्कू सरी आत.' दोन्ही भाषांत कावळा निर्दोष सुटतो. पण याच दोन भाषांनी आणखी एक शब्द तितक्याच मायेने सांभाळला आहे. आपण पायगुण म्हणतो, ते कालगुण म्हणतात. घरात सून आली आणि महिन्याभरात म्हैस आटली, की ती कावळ्याची म्हण कुणाला आठवत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या घरी एक नवे पाऊल पडले. ते सुनेचे नव्हते, कर्नलचे होते. बेळगावात कर्नल म्हटले की मराठा लाइट इन्फन्ट्रीतले कुणी साहेब डोळ्यांसमोर येतात, म्हणून आधीच सांगते. संगणकाच्या प्रणालीचा जो गाभा असतो, त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. हार्ड डिस्क, मेमरी, कळफलक, पडदा या सगळ्यांना कामाला लावणारा तो मुकादम. आमच्या घरच्या असेंबल केलेल्या संगणकावर लिनक्स आहे, पुतण्याने घातलेले. सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात तसा या गाभ्याचा नवा अवतार येतो आणि तो चढवावा लागतो. सोमवारी, ११ डिसेंबरला त्याने तो चढवला. गुरुवारी दुपारी घोटाळा उघड झाला.

त्या संगणकात काय होते ते सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. माझे माहेर खानापूरकडचे, घरात मराठी. सासर गोकाकचे, घरात कन्नड. सासूबाईंना मी अत्ते म्हणते. २०१६ पासून मी आईचे आणि अत्तेंचे बोलणे रेकॉर्ड करून ठेवत आले. विषय ठरलेला नसायचा. करदंटाचा पाक कधी उतरवायचा, आजोळची भांडणे, ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभेचे पाणी गोकाकात शिरले ते दिवस, असे काहीही. अशी २१२ रेकॉर्डिंगे झाली होती. २०२१ च्या दिवाळीपर्यंतची १७४ नणंदेने हुबळीला स्वतःकडे उतरवून घेतलेली. त्यानंतरची ३८ फक्त आमच्या संगणकात. ऑगस्ट २०२२ मध्ये अत्तेंना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. समज शाबूत आहे, शब्द येत नाहीत. तेव्हापासून त्या आमच्याकडे असतात. दुपारी जेवणानंतर आपलेच जुने बोलणे ऐकत बसतात. त्या ३८ पैकी पंचविसाच्या वर त्यांचीच. पुन्हा रेकॉर्ड करता येतील अशी ती उरली नव्हती.

त्या गुरुवारी रोट्टीवरचे बोलणे लागले होते. मध्येच किरर्र आवाज झाला आणि पुढचे सगळे तुटक. बंद करून दुसरे लावायला गेले, तर ती ३८ असलेला फोल्डरच उघडेना.

संध्याकाळी घरात पंचायत बसली. पुतण्या म्हणाला, "काकू, कर्नलचंच काम हे. परवा चढवला आणि आज गेलं की!" आमचे हे पतसंस्थेचे हिशेब बघतात. त्यांचे म्हणणे, चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस कुणाला होती? ओळखीच्या दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, "फॉरमॅट मारा, नवीन टाकून देतो." म्हणजे फांदी मोडली तर झाडच तोडा.

मला मात्र वीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. २००३ च्या मे महिन्यात माझे लग्न झाले. त्या वर्षी पाऊस कमीच होता. जूनमध्ये गोकाकच्या घरची विहीर तळाला गेली. लग्नाला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी मी ऐकेन अशा बेताने 'कालगुण' हा शब्द टाकला. तेव्हा मला कन्नड फारसे येत नव्हते, पण एवढा शब्द कळला. अत्ते वाद घालत बसल्या नाहीत. "यावाग शुरू आत, अद नोड्रि मोदल," म्हणाल्या, म्हणजे सुरू कधी झाले ते आधी बघा. मग दुधाच्या हिशेबाची वही काढली. मोटार किती वेळ चालली हेही त्या तिच्यात लिहून ठेवत. होळीच्या आसपासच मोटार हवा ओढायला लागली होती. तेव्हा माझे लग्न ठरलेसुद्धा नव्हते. बाईंनी चहा घेतला आणि गेल्या.

मी इतिहास शिकवते. एकामागून दुसरे घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, हे दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. तेव्हा कर्नलला दोष देण्याआधी वही काढणे भाग होते.

पण वही काढायच्याही आधी एक गोष्ट करायची असते, ती म्हणजे हात लावणे थांबवायचे. यंत्र बंद. डिस्क काढून आमच्या कॉलेजच्या संगणक विभागात नेली. तिथल्या प्रयोगशाळेच्या सहायकाने तिची अक्षरशः जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली. पुढचे सगळे त्या नकलेवर, मूळ कपाटात.

हे का, ते आमच्या ह्यांना त्यांच्याच भाषेत लगेच पटले. संगणकातली फाईल व्यवस्था म्हणजे कीर्द-खतावणीच असते. फाईलमधला मजकूर एकीकडे, तो कुठे ठेवला आहे याची खाती दुसरीकडे, नावांची यादी तिसरीकडे. काहीही बदलायचे तर आधी कीर्दीत टिपायचे, मग खतावणीत उतरवायचे, म्हणजे मध्येच वीज गेली तरी कीर्द बघून हिशेब पुरा करता येतो. आमच्या डिस्कवरच्या व्यवस्थेचे नाव एक्स्टफोर. ती कीर्द ठेवते, आणि महत्त्वाच्या पानांवर ताळाही मांडून ठेवते. पान वाचताना ताळा जुळला नाही, की ती ओरडते. आमचा फोल्डर उघडत नव्हता तो यामुळेच.

हिशेब बिघडला की दुरुस्तीचा एक प्रोग्राम असतो, एफएससीके. लोक घाईने आधी तोच चालवतात. हा प्रोग्राम हिशेब जुळवून देतो, खरा करून देत नाही. ज्या पानाचा अर्थ लागत नाही ते तो कोरे करतो, ज्या फाईलीचे नाव सापडत नाही तिला नुसता आकडा देऊन 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या खणात टाकतो. बिघाड कशामुळे झाला हे कळायच्या आत त्याला मूळ वहीवर बसवले तर पुरावाही जातो. त्याला 'फक्त बघ, लिहू नकोस' असे सांगण्याची सोय आहे, ती आधी वापरायची. आणखी एक गंमत त्या सहायकाने दाखवली. एक्स्टफोरची डिस्क फक्त वाचण्यासाठी म्हणून जोडली, तरी ती जाता जाता कीर्दीतली राहिलेली नोंद खतावणीत उतरवतेच. तेही नको असेल तर 'नोलोड' असे वेगळे सांगावे लागते. वही बघायला आलेला माणूस न विचारता बेरीज करून जातो, त्यातलाच प्रकार.

आता पुतण्याची बाजू. त्याचा संशय पोकळ नव्हता. आमच्या संगणकावर डेबियन नावाचे लिनक्स आहे. ९ डिसेंबर २०२३ ला डेबियनची १२.३ ही आवृत्ती येणार होती, ती त्यांनीच ऐनवेळी थांबवली. कारण तिच्यातल्या ६.१.६४ या गाभ्यात एक्स्टफोरवरचा मजकूर बिघडवणारा दोष निघाला होता. एक दुरुस्ती नव्या गाभ्यातून उचलून जुन्या मालिकेत आणली होती. तिच्या जोडीला आणखी एक बदल लागत होता, तो मागेच राहिला. त्यामुळे काही विशिष्ट पद्धतीने लिहिताना मजकूर भलत्या जागी पडे. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, ६.१.६६ हा गाभा घालून १२.४ आवृत्ती निघाली. आमचा गाभा चढला ११ तारखेला. म्हणजे कावळा फांदीवर बसलेला होता, आणि फांद्या मोडण्याची त्याची ख्याती त्याच आठवड्यातली होती.

पण कोणता गाभा कधी बसवला याची तारीखवार नोंद डेबियन स्वतःच ठेवते. ती काढली. आमचे यंत्र ६.१.५५ वरून थेट ६.१.६६ वर गेले होते. मधला बदनाम गाभा आमच्या उंबऱ्याच्या आत आलाच नव्हता. पुतण्या थोडा हिरमुसला.

तरी एवढ्यावर कर्नलला सोडून देता येत नव्हते, कारण नव्या गाभ्यात अजून कुणाला न सापडलेला दोष असू शकतो. २०१८ सालचे प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला लिनक्सचा ४.१९ हा गाभा आला. नोव्हेंबरात लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, नवा गाभा चढवल्यावर एक्स्टफोर बिघडते. चुकीच्या संदेशांवर नाव एक्स्टफोरचे, म्हणून संशय तिच्यावर. तिची देखभाल करणारे थिओडोर त्सो यांनी आपल्याकडच्या चाचण्या चालवल्या, तर काही बिघडेना. शेवटी दोष निघाला एक थर खाली, डिस्ककडे कामे पाठवणाऱ्या रांगेच्या व्यवस्थेत.

काय होत होते ते एसटी स्टँडवरच्या पार्सलच्या खिडकीवरून सांगते. एक गठ्ठा आला, त्याची पावती फाडली, थेट बसकडे नेला. बसवाला म्हणाला, जागा नाही. गठ्ठा परत खिडकीवर. तिथे कुणीतरी त्याला दुसरा गठ्ठा बांधला, पावती मात्र पहिलीच. पुढच्या बसमधून कुठले सामान कुठे उतरेल, सांगता येत नाही. गाभ्यात हेच चालले होते. डिस्क गुंतलेली असल्यामुळे परत आलेले काम दुसऱ्या कामाशी जोडले जाई, पण आधी केलेली तयारी जुनीच राही. ज्या यंत्रांवर रांग लावणारा कारकून ठेवलेलाच नव्हता, तिथेच हे घडे. म्हणून ते एकाकडे दिसे आणि दुसऱ्याकडे नाही. रांगेची ती व्यवस्था सांभाळणाऱ्या येन्स आक्सबो यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती केली आणि ४.१९.८ मध्ये ती आली. एक्स्टफोरचा गुन्हा एवढाच, की चुकलेला ताळा बघून ती ओरडली. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तयारी झाली होती.

कधी कधी मात्र गुन्हा सरळ गाभ्याचाच असतो आणि घडवणारे तो लपवत नाहीत. २०२१ मध्ये ५.१२ च्या पहिल्या चाचणी आवृत्तीत मेमरी भरल्यावर जादा माल ठेवायची फाईल कुठे सुरू होते हेच चुकत होते, आणि तो माल फाईल व्यवस्थेच्या डोक्यावर ओतला जाई. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीचे नाव बदलून त्याला 'डोन्ट-यूज' असे शेपूटच लावले, म्हणजे वापरू नका. आपल्याकडे औषधाच्या बाटलीवर इतके स्पष्ट लिहीत नाहीत.

तर आमची वही. संगणकाची रोजची नोंद आणि माझी डायरी शेजारी ठेवून मी मागच्या सहा महिन्यांची यादी केली. जुलैमध्ये संगणक जरा वेगाने चालावा म्हणून चार जीबी रॅमची एक जादा पट्टी बसवून घेतली होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर मी रेकॉर्डिंगांच्या सुरुवातीचा आणि शेवटचा गोंगाट कापण्याचे काम केले, शेवटच्या ३८ पासून सुरुवात करून, मग जुन्यांपैकी ६०. नवा गाभा ११ डिसेंबरचा. आणि नोंदीत 'ताळा जुळत नाही' ही एक्स्टफोरची पहिली ओरड होती २२ ऑक्टोबरची, दसऱ्याच्या दोन दिवस आधीची. ती एका बिनमहत्त्वाच्या फोल्डरबद्दल होती, म्हणून कुणाला जाणवली नाही. गाभा यायच्या पन्नास दिवस आधीच मोटार हवा ओढत होती.

हुबळीहून नणंदेची प्रत मागवली. ज्या ११४ जुन्या रेकॉर्डिंगांना मी कापाकापीत हात लावलेला नव्हता, ती कॉलेजच्या यंत्रावर ताडून पाहिली. एकूण एक अक्षर जुळले. कापून पुन्हा साठवलेल्या ६० पैकी १४ बिघडलेली. म्हणजे नुसते पडून राहिलेले काही नासले नव्हते. जे मेमरीतून जाऊन परत लिहिले गेले, त्यातलेच नासले होते.

मग पुतण्याने तो प्रयोग केला ज्याने माझी खात्री पटली. फाईलमधल्या सगळ्या मजकुरावर ठरलेले गणित करून ३२ अक्षरांची खूण काढता येते. मजकूर तोच, तर खूण तीच. घरी नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा नऊ जीबीचा व्हिडिओ होता. तो दुसऱ्या डिस्कवर घालून आमच्या संगणकावर त्याची खूण तीनदा काढली. तिन्ही वेळा वेगळी. सुरू करतानाच्या यादीतून जुना ६.१.५५ चा गाभा निवडला आणि पुन्हा तीनदा काढली. पुन्हा वेगळ्या. जुनी सून, नवी सून, विहीर दोघींच्या काळात कोरडी. तीच डिस्क कॉलेजच्या यंत्राला लावली, तर तिन्ही वेळा एकच खूण. डिस्कही सुटली. मग जुलैतली पट्टी काढून ठेवली आणि आमच्या संगणकाने मुकाट्याने कॉलेजवालीच खूण द्यायला सुरुवात केली. ती एकटी पट्टी घालून मेमटेस्ट रात्रभर चालवला. सकाळी पडद्यावर लाल ओळी.

त्या पट्टीतला एखादा कण नेमून दिलेला आकडा धरून ठेवत नव्हता. बहुतेक वेळ तिथे काही महत्त्वाचे पडत नसे, कधी आवाजाचा तुकडा पडे, कधी नावांच्या यादीचे पान. अशी चूक जागच्या जागी पकडणारी मेमरी मिळते, पण घरगुती संगणकात सहसा कुणी ती घालत नाही. गाभा चढवला तेव्हा शेकडो फाईली लिहिल्या गेल्या, यंत्र कित्येक आठवड्यांनी पूर्ण बंद होऊन सुरू झाले, डिस्कवरची पाने नव्याने वाचावी लागली, आणि आतले उघडे पडले. सुनेने घर झाडायला घेतले आणि पलंगाखालची वाळवी दिसली, असे आमच्या ह्यांनी त्याचे वर्णन केले. सुनेच्या बाजूने त्यांनी उच्चारलेले हे बहुधा पहिले वाक्य असावे.

निदान झाल्यावर नकलेची आणखी एक नक्कल काढून तिच्यावर एफएससीके चालवला. ती १४ हुबळीच्या प्रतीवरून परत आली. ३८ चा फोल्डर गेला, पण फाईली गेल्या नाहीत. त्या सगळ्या आकड्यांच्या नावाने खणात येऊन पडल्या. त्यांपैकी २७ स्वच्छ होत्या. सातांत कुठेतरी एखादा टिकटिक आवाज येतो, एवढेच. एमपीथ्रीमध्ये आवाज साधारण २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधलेला असतो, त्यामुळे एक तुकडा गेला तरी पुढचा बहुधा नीट वाजतो. तीन अर्ध्यावर तुटतात, रोट्टीचे त्यातलेच. एक उघडतच नाही. त्यात काय होते, ते नाव गेल्यामुळे सांगता येत नाही.

जानेवारी २०२४ चे चार रविवार आम्ही उरलेल्या ३७ ना नावे ठेवण्यात घालवले. आई खानापूरहून आली. एकेक लावायचे आणि कधीचे, कुठले, कशाबद्दल ते ओळखायचे. मागे पाऊस आहे का, कुकरच्या शिट्ट्या आमच्या घरातल्या की गोकाकच्या, असे धागे काढत. कन्नड रेकॉर्डिंगांच्या वेळी अत्तेंचाच निकाल चाले. वर्ष विचारले की बोटे, माणूस विचारला की मान. चुकीचे नाव लिहिले तर डाव्या हाताने टेबलावर थाप मारत. तेहतिसांची नावे लागली.

चार अजून आकड्यांवरच आहेत. त्यातल्या एकात अत्ते शेंगा चटणी कुटता कुटता एका बाईंशी बोलत आहेत, तिला अक्का म्हणतात आणि दोघी सारख्या हसतात. ही अक्का कोण, ते ह्यांना माहीत नाही, नणंदेला नाही, मलाही आठवत नाही. अत्तेंना विचारले की त्या बोटाने दारापलीकडे लांब कुठेतरी दाखवतात आणि पुन्हा लावायला सांगतात. गोकाकच्या तीन घरी ते रेकॉर्डिंग पाठवले आहे. अजून कुणाचा फोन आलेला नाही.